जास्तीचं बोट

आमच्या कॉलेजात दीपप्रज्वलन चालू झालं की त्या वेळात माणूस कंधारहून नांदेडला येऊन पोचतो. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. वाती विझायच्या, पुन्हा लावायच्या, फोटोग्राफर पुन्हा 'सर, इकडं बघा' म्हणायचा. या धांदलीत कुणीतरी समईतलं तेल सांडलं. सत्काराच्या शाली घेऊन मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होते. तेलावर पाय पडला आणि मी शालींसकट खाली आले. पाहुण्यांना कळलंही नाही, कारण तेव्हा ते कॅमेऱ्याकडं बघत होते.

मी इतिहास शिकवते. तोवर माझ्या अंगात इतिहास म्हणण्यासारखं काही नव्हतं. एक बाळंतपण, चष्मा आणि हिवाळ्यात धरणारे गुडघे, एवढंच.

एक्स-रेच्या काचेवर स्वतःचंच काहीतरी अनोळखी बघून आलेल्या माणसाला घरी गेल्यावर कुणाशी काय बोलावं ते सुचत नाही. मला सुचलं नव्हतं. तेव्हा वाचायला असं काही हाताशी असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

हात बाजूला घ्या

नांदेडचे हाडांचे डॉक्टर तरुण होते. फिल्म बघून ते लगेच म्हणाले, "फ्रॅक्चर नाही." माझा नवरा प्रकाश हुश्श करून उठलासुद्धा. पण डॉक्टरांनी फिल्म काही खाली काढली नाही. त्यांनी ती उलटी लावली, मग सुलटी लावली.

"मॅडम, फोटो काढताना हात कमरेखाली ठेवला होता का?"

"नाही. छातीवर घ्या म्हणाले होते."

"परत काढू या."

दुसऱ्या वेळी मी दोन्ही हात डोक्यावर नेले. थंडगार टेबलावर शरण आल्यासारखी पडून राहिले. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "मॅडम, हात बाजूला घ्या."

"डोक्यावर आहेत."

मग दार उघडून टेक्निशियन बाहेर आला आणि माझ्या हातांकडं बघून परत आत गेला.

फिल्मवर उजव्या खुब्याच्या वर, हाडाच्या बाहेर, नुसत्या मांसात एक बोट होतं. बोटासारखं काहीतरी असं म्हणायला हवं, पण तसं म्हणवत नव्हतं. पेरं दिसत होती, पेरांमधल्या फटी दिसत होत्या, आणि टोकाशी ते जरासं वळलेलं होतं. लांबून कुणाला तरी 'ये' म्हणावं तसं.

डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे ते मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्याबद्दल आदर वाटायला हवा होता. वाटली ती भीती. नको तिथं हाड वाढतंय म्हणजे जुन्या माराचं असू शकतं, किंवा हाडाचा कॅन्सर असू शकतो, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. लातूरला एका मोठ्या डॉक्टरांकडं जा म्हणाले.

खिडकीतली फिल्म

प्रकाश विष्णुपुरीला धरणावर नोकरीला आहे. भिंतीत पाझर कुठं आहे ते बघणं हे त्याचं काम. भीती वाटली की तो मोजायला लागतो. घरी आल्याबरोबर त्यानं फिल्म दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवली आणि पट्टी घेऊन उभा राहिला.

आमच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. संध्याकाळचा उजेड त्या पाण्यावरून येऊन माझ्या हाडांतून घरात पडत होता. पाणी हललं की उजेड हलायचा, आणि उजेड हलला की ते बोट.

"काढ ते," मी म्हणाले.

"दोन मिनिटं. वरचं पेर खालच्यापेक्षा—"

"प्रकाश, काढ."

त्यानं काढलं. पण आता ते मला दिसण्यासाठी फिल्मची गरज राहिली नव्हती. वर्गात खुर्चीवर बसले की उजवीकडं काहीतरी टेकल्यासारखं वाटायचं. पडण्याआधी तिथं कधी काही वाटलं नव्हतं. आता शिकवता शिकवता हात आपोआप तिकडं जायचा, दाबून बघायचा. आत कठीण काहीतरी लागायचं. मी हात काढून घ्यायची. ते आपलं आहे की नाही हे ठाऊक नसताना सारखं हात लावणं बरं वाटत नव्हतं.

लातूरला जाण्याआधी एमआरआय करून घेतला. त्याच्या नळीत ठोकल्याचे आवाज येतात हे मला आधी सांगितलं होतं. ते आवाज आतूनही कुणीतरी परत देतंय असं वाटेल, हे नव्हतं सांगितलं.

पौषातलं लग्न

आमची मुलगी केतकी लातूरला असते. नीटचे क्लास, मुलींचं हॉस्टेल आणि भिंतीवर अवयवांची चित्रं. परीक्षा तोंडावर आलेली. तिला काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण लातूरला जाऊन तिला भेटायचं नाही असं कसं करायचं? प्रकाशनं तिला फोन केला. औशाला मित्राच्या मुलाच्या लग्नाला चाललोय, जाता जाता भेटतो, असं म्हणाला.

"पप्पा, पौषात लग्न?"

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"कोर्ट मॅरेज हाय," प्रकाश म्हणाला.

"मग मम्मीला दे."

मी तिच्याशी आठ-दहा वाक्यं खोटं बोलले. खोटं बोलताना ते बोट हललं नाही, याचंही मला नवल वाटलं. मनाची गत अशी झाली होती.

मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायच्या जागेपेक्षा ढालींची कपाटं जास्त होती. एका भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे फोटो, दुसऱ्या भिंतीवर दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्यांबरोबरचे. साहेब आले तेव्हा त्यांच्या मागून चार-पाच डॉक्टर आले आणि हॉलमधले सगळे पेशंट उठून उभे राहिले. मीही उभी राहिले. भीतीमुळं माणूस उभं राहतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फिल्मकडं बघितलं आणि खुशीत मागच्यांना म्हणाले, "रेअर केस." उभ्या आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं मोठं विशेषण, आणि तेही हाडाला मिळालं.

"आधी तुकडा काढून तपासायचा. मग काय निघेल त्यावर. वेळ पडली तर खुब्याचा हा एवढा भाग काढावा लागेल." त्यांनी सोन्याच्या पेननं फिल्मवर हवेतच एक रेघ ओढली. ती रेघ माझ्या मांडीपासून माकडहाडापर्यंत गेली.

"चालता येईल का?" प्रकाशनं विचारलं.

"वॉकरवर येईल की," ते म्हणाले.

तुकडा काढायचा दिवस ठरला. मला दाखल करून घेतलं.

वॉर्ड

वॉर्डात दिवस तापानं उजाडतो, म्हणजे थर्मामीटरनं. मग चहा, मग झाडणारी बाई, मग राउंड. राउंडच्या आधी सिस्टर सगळ्यांच्या चादरी ओढून सरळ करते, जणू डॉक्टर चादरी तपासायला येणार आहेत. माझ्या शेजारच्या खाटेवर निलंग्याकडच्या एक आजी होत्या. त्यांचा पाय मोडला होता. त्यांना कुणीतरी माझं सांगितलं असावं. सारखा त्यांचा डोळा माझ्या कमरेकडं जायचा.

शेवटी त्यांनी विचारलंच. "लेकी, रागवू नको. ते तुला धरून हाय, का तू त्याला?"

दवाखान्यात कुणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं. त्यांनी उशाखालचा खाकरा मोडून अर्धा मला दिला. आम्ही दोघींनी तो गुपचूप खाल्ला. त्या दिवसात गोड लागलेली ती एकच गोष्ट.

दुपारी मला पुन्हा एक्स-रे विभागात बोलावलं. तिथल्या डॉक्टरीणबाई अंधाऱ्या खोलीत बसलेल्या, अंगावर शाल, समोर पडद्यावर माझं कंबरडं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. आतापर्यंत सगळ्यांनी मला झोपवलं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "याच्या कडा कशा गुळगुळीत आहेत. सगळीकडून नीट साल आहे. कॅन्सरचं हाड असं सभ्य नसतं. आणि बुडाशी सांधा आहे. मला वाटतं, हे जन्मतःच आलंय. बोटासारखं हाड, नसायच्या जागी. त्रास देत नाही, वाढत नाही. मी पुस्तकात बघितलंय, समोर पहिल्यांदाच बघतेय."

"मग तुकडा कशाला काढायचा?"

"कारण मी 'वाटतं' म्हणतेय. साहेबांना खात्री हवी. हे तुमच्या लहानपणीही असंच होतं, एवढं दाखवता आलं तर वादच मिटतो. लहानपणी कधी कमरेचा फोटो काढला होता?"

"आठवीत कडब्याच्या गंजीवरून पडले होते. तेव्हा नांदेडला काढला होता. पण तेव्हा कुणी काही बोललं नाही."

"तेव्हा डॉक्टर मोडलेलं शोधत असतील. जास्तीचं कोण शोधतं? आणि दिसलं तरी आधी सगळ्यांना वाटतं की फोटोत कुणाचा तरी हात आलाय."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला गोठ्यामागची एक सकाळ आठवली.

बोट काढ की

मी दहावीत असताना ऐन दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण लागलं. चुलत-मामे भावंडं सगळी गावाकडं जमलेली. मोठी माणसं दारं लावून घरात. ताकात, तुपात, पिण्याच्या पाण्यात दर्भ टाकलेला. आम्हाला बाहेर यायची बंदी. अर्थातच आम्ही गोठ्यामागं जमलो.

एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघता येतं असं तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. बघू नये, डोळे जातात, हे नंतर कळलं. घरात फिल्म एकच होती, माझी. गंजीवरून पडले तेव्हाची. माझ्या भावानं, दत्तानं, ती पळवून आणली आणि पोरांनी आळीपाळीनं माझ्या कमरेतून सूर्य बघायला सुरुवात केली. मी लाजून मेले होते, पण कुणाला पर्वा नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ए, मधनं बोट काढ की!"

"माझं न्हाई."

"मग कुणाचंय? दत्त्या, काढ ना बोट!"

"अरे माझे दोन्ही हात हितं हायेत!"

एकेकानं हात काढले. शेवटी दत्तानं फिल्म नुसती कडेला दोन चिमट्यांत धरली. बोट तिथंच होतं. त्याच्या टोकाशी सूर्याची उरलेली कोर टेकली होती, कुणी अंगठी घालत असावं तशी. अंगणातला उजेड तेव्हा पितळी झाला होता, पाखरं गप्प होती. मग सगळ्यात लहान पोरगं रडायला लागलं आणि आम्ही फिल्म टाकून पळालो.

माय मागच्या दारातून बाहेर आली. ग्रहणात, पदर डोक्यावर ओढून. फिल्म उचलून आत गेली. संध्याकाळी दत्ताला मार बसला. नंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही, आणि मी विसरूनही गेले. किंवा विसरले असं धरून चालले.

फोन

मी गावाकडं फोन लावला. मायला सगळं सांगावं लागलं. मधे एकदा फोन कटला की काय असं वाटलं.

"माय?"

"हाय मी. नख हाय का त्याला?"

मला हसू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर डॉक्टरीणबाईंना मलाही हेच विचारायचं होतं. लाज वाटली म्हणून विचारलं नव्हतं.

"नाही माय. नख नाही. माय, ती ग्रहणातली फिल्म... तू काय केलीस? टाकून दिलीस ना?"

"तुझा बाप म्हणला व्हता, ग्रहनात भायेर पडलेली वस्तू घरात ठिवू नको. जाळ न्हाईतर गंगेला सोड." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. "म्या म्हणलं, आवो, हाडं हायेत ती. हाडं जाळायची मेल्यावर, गंगेला सोडायची मेल्यावर. जित्या लेकीची हाडं म्या गंगेला कशी सोडू?"

"मग?"

"घरात न्हाई ठिवली. गोठ्यात आढ्याला खोवली, दर्भ बांधून. पत्रे बदलले दत्तानं, तवा भी म्या ती काढून पुन्यांदा खोवली. हाय ती. आनतो."

"दत्ताला पाठव, तू दगदग करू—"

तिनं फोन ठेवला होता.

दोन फिल्मा

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि दत्ता कंधारहून एसटीनं आले. फिल्म तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून, लेकरू धरावं तशी छातीशी धरली होती. प्रवासभर कुणाच्या हातात दिली नाही म्हणे. दत्ता माझ्याकडं बघून नुसताच म्हणाला, "अक्का, तवा फुकट मार खाल्ला बग म्या."

आम्ही सगळे त्या अंधाऱ्या खोलीत गेलो. फिल्म पिवळी पडली होती. कोपऱ्यात पांढऱ्या शाईत माझं लग्नाआधीचं नाव होतं. कडेनं सगळीकडून लहान मुलांच्या बोटांचे ठसे उमटलेले. डॉक्टरीणबाईंनी ती आणि आजची, अशा शेजारी शेजारी लावल्या आणि मागचा दिवा लावला.

तेच बोट. तिथंच. तसंच वळलेलं. मी लहान होते तेव्हा लहान, मी मोठी झाले तेव्हा मोठं, आणि मी थांबले तेव्हा तेही थांबलेलं.

"पडल्यावर लगेच काढलाय ना हा?"

"त्याच दिवशी," माय म्हणाली. "बैलगाडीतून नेलं व्हतं सडकेपत्तर. मग यष्टी."

"मग माराचंही नाही. माराचं हाड असं एका दिवसात धरत नाही." त्यांनी शाल सावरली. "जन्माचंच आहे. काही काढायचं नाही. तुकडासुद्धा नाही."

प्रकाश भिंतीला टेकून खाली बसला. जमिनीवर, नव्या पँटसकट.

साहेबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही फिल्मा बघितल्या आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी मोबाईलवर दोन्हींचे फोटो काढून घेतले. कुठल्या तरी परिषदेत आता ते बोट दाखवत असतील. डिस्चार्ज लगेच दिला, एवढं मात्र खरं.

माय जागची हलली नाही. "बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "एक विचारू? हिच्या वक्ताला बी ग्रहन लागलं व्हतं. मला अंधाऱ्या खोलीत बशिवलं. हालायचं न्हाई, कापायचं न्हाई, कशाला शिवायचं न्हाई. वरल्या पत्र्याला भोकं व्हती. त्याच्यातून भुईवर उन्हाच्या बारक्या बारक्या कोरी पडल्या, चंद्रावानी. लई चांगल्या दिसत व्हत्या." तिनं आपल्या बोटाकडं बघितलं. "म्या एकीला बोट लावलं."

तिनं हे सांगायला माझं सगळं वय घेतलं होतं. ग्रहणात बाहेर येऊन ती फिल्म तिनं का उचलून नेली ते मला आत्ता कळलं. आमच्या आधी तिनंच ते बोट ओळखलं होतं. तिला वाटलं होतं, ते तिचं आहे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तेव्हा कितवा महिना होता, मावशी?"

"सातवा."

"हे हाड धरतं पहिल्या दीड-दोन महिन्यांत. दिवस गेलेत हे घरात अजून कुणाला सांगितलंही नसेल तुम्ही, तेव्हा. तुम्ही उन्हाला बोट लावलं तेव्हा हे आत येऊन बसलेलं होतं."

मायनं बोटांवर महिने मोजले. एकदा. पुन्हा एकदा, उलटीकडून. मग तिनं त्याच हातानं पदर डोळ्यांना लावला.

"मग माझ्या आंदी कोन आलं व्हतं तिथं?" ती म्हणाली.

असं का होतं ते अजून कुणाला नीट माहीत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सध्या

त्रास काही नाही. पडल्याचं दुखणं आपोआप गेलं. जुन्या फिल्मा असतील तर टाकू नका, एवढाच माझा वैद्यकीय सल्ला. कारण काय द्यायचं ते आपापल्या घरच्या रिवाजाप्रमाणं ठरवा.

हॉस्टेलवर जाऊन केतकीला त्याच दुपारी सगळं सांगितलं. ती आधी पौषातल्या लग्नावरून भांडली, मग रडली, मग म्हणाली, "मम्मी, दाखव." मी तिचा हात घेऊन जागेवर ठेवला. तिनं दाबलं. मायनंही हात पुढं केला, पण टेकवला नाही, वरच धरून राहिली.

"थंड हाय का गं ते?" तिनं विचारलं.

"मला आतून कळत नाही, माय."

फिल्म आता तिनं माझ्याकडं दिली आहे. माझ्यामागं गोठ्यात ध्यान कोण ठेवील, म्हणाली. ती मी पुस्तकांच्या कपाटात, वरच्या खणात ठेवली आहे. लुगडं आणि दर्भ तसेच ठेवलेत. का, ते विचारू नका.

केतकीला मात्र मी त्याच दिवशी, मायच्या देखत, एक गोष्ट नीट बजावून ठेवली. तिला पुढं डॉक्टर व्हायचंय, तेव्हा ऐकून घेण्याची सवय हवी.

"माझं झाल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडाल तेव्हा एक बोट जास्तीचं सापडेल. घाबरून कुणाचं म्हणून विचारत बसू नका. माझ्यातच घाला."

"शुभ बोल की," माय म्हणाली. मग केतकीकडं वळून म्हणाली, "पर ध्येनात ठेव बाई."